वर्डफेन्स की क्लाउडफ्लेअर?

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची वर्डप्रेस साइट, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट). दिवाळीच्या तोंडावर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, लॉगिनचं पान ठोठावत बसतात. इथे क्लाउडफ्लेअर, म्हणजे साइटच्या पुढे उभं राहून रहदारी गाळणारी सेवा, उजवं. डोमेनचे नेमसर्व्हर (साइटचा पत्ता सांगणारे सर्व्हर) बदलून क्लाउडफ्लेअरचे केले आणि नियम लावले, की ही गर्दी बाहेरच अडते. वर्डफेन्स हे वर्डप्रेसचं सुरक्षा प्लगइन; ते तुमच्या सर्व्हरवरच, वर्डप्रेसच्याच पीएचपी भाषेत चालतं; बॉट हाकलायलाही मेमरी तुमचीच. फुकट आवृत्तीला फायरवॉलचे नवे नियम 30 दिवस उशिरा मिळतात, ते वेगळंच.

पण अपलोड्स फोल्डरमध्ये हॅकरची पीएचपी फाइल आधीच घुसली असेल, तर क्लाउडफ्लेअरला तिचा पत्ता नसतो. ती वर्डफेन्सच्या स्कॅनने शोधावी. वर्डप्रेसच्या मूळ फाइलींतले फेरफारही तो ताडून दाखवतो. म्हणून एकदा हॅक झालेल्या साइटला आधी वर्डफेन्स.

क्लाउडफ्लेअर लावून निर्धास्त झालेले एक हमखास विसरतात: डोमेनची मेलची नोंद साइटच्याच सर्व्हरकडे असली, तर क्लाउडफ्लेअरमागे लपलेला सर्व्हरचा खरा आयपी पत्ता तिथूनच फुटतो.