‘आज डोंगर बंद आहे’: बालीतल्या ज्वालामुखी सहलीत झालेली फसवणूक

बालीला जाणारे आपल्याकडचे बरेच जण एक दिवस काढून उबूद गावाहून वर किंतामणीच्या डोंगराळ भागात, बातूर ज्वालामुखी पाहायला जातात. त्या एका दिवसाच्या खासगी सहलीत आमच्याशी जे झालं ते दुसऱ्या कुणाशी होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो आहे. फसवणुकीची रीत सोपी आहे. जीप, तिकिटं, गाईड, गरम पाण्याची कुंडं अशा सगळ्याचे पैसे आधी घ्यायचे आणि त्या दिवशी सकाळी ‘ज्वालामुखीचा अलर्ट आला, डोंगर बंद आहे’ असं सांगून दिवसभर दुकानांतून फिरवायचं. इंडोनेशियात ज्वालामुखी खरोखरच बंद होतात, म्हणून ही थाप खपते.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, मुलगी आणि बाबा. बाबांनी साताऱ्याकडे आयुष्यभर भूगोल शिकवला. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात, लाव्ह्याचे थर एकावर एक कसे साचले, हे त्यांनी किती वर्गांना फळ्यावर काढून दाखवलं असेल याची गणती नाही. पण आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर माती आली, झाडं आली, किल्ले आणि लेणी आली. त्याच कुळातला दगड ताजा असताना कसा दिसतो, हे त्यांना एकदा हात लावून पाहायचं होतं. बातूरच्या नैर्ऋत्य उतारावर 1963 पासूनच्या उद्रेकांतला काळा लाव्हा पसरलेला आहे आणि जीप थेट त्याच्यापर्यंत जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे चढाई न करता पोचता येतं. बालीचा बेत आखला गेला तो मुख्यतः यासाठी. समुद्रकिनारे आपल्याकडे काही कमी नाहीत.

इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीतून एका एजंटशी व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू झालं. नंबर भारतातला, बोलणारा मराठी. ‘दादा, निश्चिंत राहा, काकांना अगदी सांभाळून नेतील आपली माणसं,’ असं तो फोनवर म्हणाला होता. त्यानं पाठवलेल्या कार्यक्रमात कड्यावरून कॅल्डेराचं (ज्वालामुखी खचून झालेल्या प्रचंड खळग्याचं) दर्शन, भूविज्ञानाचं संग्रहालय, जीपनं काळा लाव्हा, तोया बुंगकाहला गरम पाण्याची कुंडं, जेवण, परवानाधारक इंग्रजी गाईड आणि सगळी प्रवेश तिकिटं असं लिहिलेलं होतं. चौघांचे मिळून 26,000 रुपये ठरले. निम्मे आधी, निम्मे सहलीच्या आदल्या संध्याकाळी, दोन्ही वेळा यूपीआयनं. पैसे कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावाच्या खात्यात गेले. पावती म्हणून एक रंगीत चित्र आलं. त्यावर ना जीएसटी क्रमांक होता, ना पत्ता.

त्या रकमेत ‘बाली टॅक्स’ म्हणून माणशी 1,500 रुपये लावलेले होते. परदेशी पर्यटकांसाठीचा हा कर 14 फेब्रुवारी 2024 पासून सुरू झाला. तो दीड लाख रुपिया आहे, म्हणजे आपले साधारण 800 रुपये, आणि प्रांतिक सरकारच्या ‘लव्ह बाली’ संकेतस्थळावर तो आपला आपल्याला भरता येतो. बेटावर उतरताना एकदाच लागतो, प्रत्येक सहलीला नाही. आम्ही तो निघण्याआधीच भरला होता. हे कळवल्यावर एजंट म्हणाला, हा वेगळा, डोंगराचा. डोंगराचं स्थानिक तिकीट असतं हे खरं, पण ते तिथेच फाडतात आणि त्याला कुणी बाली टॅक्स म्हणत नाही.

सकाळी गाडी वेळेवर आली. गाडीत फक्त ड्रायव्हर होता. गाईडचं विचारल्यावर ‘वर भेटेल’ असं उत्तर मिळालं. उबूदच्या बाहेर पडल्यावर त्यानं फोन पाहिला आणि गंभीर चेहरा करून सांगितलं, ‘सर, आज बातूर बंद. ज्वालामुखी अलर्ट. जीप नाही.’

या थापेमागचा काळ समजून घ्यायला हवा. नोव्हेंबर 2024 च्या सुरुवातीला इंडोनेशियातल्याच फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी लाकी-लाकी हा ज्वालामुखी फुटला होता, माणसं दगावली होती, आणि त्याच्या राखेमुळे 13 नोव्हेंबरला बालीची कितीतरी विमानं रद्द झाली होती. आमची सहल त्याच महिन्यातली. घरून काळजीचे फोन येऊन गेले होते. अशा वेळी ड्रायव्हर अलर्ट म्हणाला तर माणूस गप्प बसतो. पण लेवोतोबी बातूरपासून आठशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबईपासून नागपूर आहे त्याहूनही लांब. तिथला डोंगर पेटला म्हणून इथला बंद होत नाही. प्रत्येक ज्वालामुखीची धोक्याची पातळी वेगळी ठरवली जाते.

मी लगेच एजंटला फोन लावला. तो तयारच होता. ‘सरकारी आदेश आहे दादा, आमच्या हातात काही नाही. त्याऐवजी तुम्हाला दुसरी चांगली ठिकाणं दाखवतो.’ सोबत त्यानं इंग्रजी बातमीचं कात्रण पाठवलं. बातमी खरी होती, पण लेवोतोबीची.

ती ‘दुसरी चांगली ठिकाणं’ म्हणजे आधी बाटिकचं दुकान, मग चेलुकची चांदीची दुकानं आणि मग कॉफीचा मळा. मळ्यात लुवाक कॉफीसाठी, म्हणजे उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांच्या कॉफीसाठी, उदमांजरं पिंजऱ्यात ठेवली होती. रात्री जंगलात फिरणारं ते जनावर भर दुपारी जाळीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेलं पाहून मुलगी रडवेली झाली. ती कॉफी कुणी पिऊ नये, विकत तर मुळीच घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. बाकीचे चहा चाखायला फुकट असतात, लुवाकच्या कपाचे वेगळे पैसे लागतात आणि बाहेर पडायची वाट दुकानातून असते. अशा ठिकाणी गिऱ्हाईक आणणाऱ्याला कमिशन मिळतं, ही तिथली सर्रास पद्धत आहे. आम्ही काही घेत नाही म्हटल्यावर ड्रायव्हरचा चेहरा उतरला.

बाबा सगळीकडे गाडीतच बसून राहिले. ‘निदान कडा तरी दाखवील ना रे?’ एवढंच त्यांनी विचारलं.

दुपारी एकदाचे पेनेलोकानला, म्हणजे त्या कड्यावर, पोचलो. ढग वर होते, खालचं सगळं स्वच्छ दिसत होतं. तो कडा म्हणजे हजारो वर्षांपूर्वी खचलेल्या प्रचंड ज्वालामुखीचा काठ. बाहेरचा कॅल्डेरा सुमारे 13.8 किलोमीटर लांब आणि 10 किलोमीटर रुंद. त्याच्या पोटात चंद्रकोरीसारखं सरोवर आणि मधोमध आजचा बातूर, 1,717 मीटरचा. 1926 मध्ये त्याच्या लाव्ह्यानं खालचं बातूर गाव आणि तिथलं मंदिर गिळलं, तेव्हा लोक वर काठावर येऊन वसले. पुरा उलुन दानू बातूर हे मंदिरही तेव्हाच वर आणलं. हे सगळं आम्हाला बाबांनी सांगितलं. त्यासाठी पैसे दिलेला गाईड काही उगवला नाही.

ड्रायव्हरनं एका कॅफेत बसवलं. बाबांनी पिशवीतून दुर्बीण काढली. ती पक्षी बघायला आणलेली. बराच वेळ डोळ्याला लावून बसले आणि मग माझ्या हातात देत म्हणाले, ‘बघ जरा. त्या काळ्या पट्ट्यावर गाड्या चालल्यात.’

खरंच चालल्या होत्या. काळ्या लाव्ह्याच्या वाटेवर जीपची रांग होती आणि मागे धूळ उठत होती. कॅफेतल्या मुलीला विचारलं, डोंगर आज बंद आहे ना? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, कधीच बंद नव्हता, पहाटे तर खूप गर्दी होती. तिथेच जीपचा दर विचारला तर चौघांच्या एका गाडीला साधारण दहा लाख रुपिया सांगितले, म्हणजे सव्वापाच हजार रुपये.

तेव्हा मी मोबाइलवर ‘मॅग्मा इंडोनेशिया’ उघडलं. इंडोनेशियाच्या ज्वालामुखी निरीक्षण विभागाचं हे अधिकृत संकेतस्थळ. नकाशावर एकेका ज्वालामुखीची पातळी तिथे पाहता येते. धोक्याच्या चढत्या क्रमानं पातळ्या चार: पहिली नॉर्मल, दुसरी वास्पादा, तिसरी सियागा, चौथी आवास. बातूर पहिल्या पातळीवर होता. सकाळपासून तसाच होता.

ड्रायव्हरला ते दाखवलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्यानं आपला फोन माझ्यासमोर धरला. एजंटकडून आलेल्या मजकुरात लिहिलं होतं: गाडी दहा तास, उबूद आणि किंतामणी, तिकिटं नाहीत, जीप नाही. मोबदला साडेसहा लाख रुपिया, म्हणजे जेमतेम साडेतीन हजार रुपये. खाली ‘जीपचं विचारलं तर अलर्ट सांग’ अशी सूचना. आमच्या 26,000 मधले एवढेच त्या माणसाच्या वाट्याला आले होते. खोटं तोही बोलला, पण कारस्थान त्याचं नव्हतं, आणि तो मजकूर मला दाखवायची त्याच्यावर सक्ती नव्हती. त्याची परवानगी घेऊन मी त्या पडद्याचा फोटो काढला. पुढे तोच उपयोगी पडला.

खाली उतरून जीप घेईपर्यंत दहा तास संपणार होते, बाबा थकले होते आणि धुकं भरून यायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. लाव्ह्यापर्यंत काही आम्ही पोचलो नाही. बाबांचं वय पाहता त्यांचं पुन्हा तिकडे जाणं होईल असं वाटत नाही. गेलेल्या पैशांपेक्षा मला हेच जास्त लागलं आहे.

हे वाचून कुणी असा अर्थ काढू नये की बंद म्हटलं म्हणजे थापच. 2017 मध्ये बालीचाच आगुंग चौथ्या पातळीवर गेला, लाखाच्या वर लोक घरं सोडून निघाले आणि त्या नोव्हेंबरात विमानतळही बंद ठेवावा लागला. 3 डिसेंबर 2023 रोजी पश्चिम सुमात्रातला मारापी अचानक फुटला आणि वीसहून अधिक गिर्यारोहक दगावले. तो डोंगर तेव्हा फक्त दुसऱ्या पातळीवर होता. तेव्हा अधिकृत मनाई असेल तर कुणी जास्त पैसे घेऊन वर न्यायला तयार झाला तरी जाऊ नये. प्रश्न फक्त एवढाच, की मनाई कुणी केली आणि ती कुठे लिहिली आहे. ते मॅग्मावर दिसतं. हॉटेलच्या काउंटरवर विचारलं तरी कळतं. कधी मोठ्या पूजेसाठी वाटा बंद असतात, आगुंगवर तसं होतं, आणि तेही गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

बंद असल्यामुळे एखादी गोष्ट झाली नाही, तर तिचे पैसे परत मिळतील हे आधीच लेखी मागावं. आमच्या एजंटनं ‘सर्व समाविष्ट’ अशी एकच रक्कम लिहिली होती, त्यामुळे जीपचे किती, गाईडचे किती, हे त्याला हवं तसं फिरवता आलं. गाडीचे, जीपचे, तिकिटांचे, गाईडचे आकडे वेगळे मागा. जो वेगळे द्यायला टाळाटाळ करेल त्याला पैसे पाठवू नका. गाईडचं नाव आणि त्याच्या परवाना-ओळखपत्राचा फोटो आदल्या दिवशी मागा. बालीत परवानाधारक गाईडकडे असं फोटोचं कार्ड असतं. आणि गाडी तेवढी उबूदहून ठरवून जीप किंतामणीला पोचल्यावर घेतली, तर समोर गाडी उभी असल्याशिवाय पैसे द्यावे लागत नाहीत.

परत आल्यावर एजंटनं आधी ‘नैसर्गिक आपत्तीत परतावा नसतो’ असं कळवलं, मग पुढच्या सहलीचं कूपन देऊ केलं आणि शेवटी नंबर ब्लॉक केला. मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. सोबत यूपीआयचे व्यवहार क्रमांक, सगळं चॅट, ड्रायव्हरच्या फोनचा फोटो आणि त्या दिवशीच्या मॅग्मा नोंदीचा स्क्रीनशॉट जोडला. बँकेलाही कळवलं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही अशा प्रकरणात वापरता येतो. तक्रारीचा क्रमांक दुसऱ्या नंबरवरून एजंटला पाठवल्यावर जीपचे म्हणून 6,000 रुपये परत आले. बाकीचे अजून यायचे आहेत, आणि मी तक्रार मागे घेतलेली नाही.

मधल्या काळात त्याचं इन्स्टाग्राम पान गायब झालं आणि तेच फोटो, तोच कार्यक्रम दुसऱ्या नावानं पुन्हा दिसू लागला आहे. पहिल्या फोटोत लाल जीपच्या टपावर बसलेलं जोडपं आणि मागे धुक्यातला बातूर आहे, खाली मराठीत ‘ज्वालामुखी प्रायव्हेट टूर, सर्व समाविष्ट’. ही जाहिरात तुमच्यासमोर आली तर पैसे भरू नका. आधीच भरले असतील, तर आजच 1930 ला फोन करा.