‘२० टन’ म्हणून घेतलेली चामडं कापायची प्रेस

गेल्या आठवड्यात वापरलेल्या मशीनच्या जाहिराती बघता बघता एका फोटोवर बोट थांबलं. आम्ही चामडं कापायची प्रेस घेतली तीच शेड, मागचा तोच निळा पत्रा, तोच ताजा हिरवा रंग आणि खाली तेच वाक्य, ‘घरच्या लाइटवर चालते.’ मशीन तेवढी दुसरी होती. ते वाचून उद्या कोणीतरी टोकन पाठवून मोकळं होईल, म्हणून आमच्या बाबतीत काय झालं ते लपवाछपवी न करता लिहिते.

आम्ही कोल्हापुरात सुभाषनगरला राहतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या चपलांचं काम. मामंजी रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या सुरीनं, तळ कापतात, सासूबाई वेण्या घालतात, शिलाई आणि ऑर्डरी माझ्याकडे. म्हशीचं जाड चामडं रापीनं कापायचं म्हणजे सगळा जोर मनगटावर येतो आणि मामंजींचं मनगट वर्षभरापासून रात्री ठणकतं. म्हणून कटिंग प्रेस घ्यायचं ठरवलं. स्विंग आर्मवाली, म्हणजे टेबलावर चामडं पसरायचं, त्यावर पोलादी पात्याचा डाय ठेवायचा, वरचा आर्म फिरवून डायवर आणायचा आणि दाब द्यायचा. नवी परवडणारी नव्हती. बचत गटाचं ७०,००० रुपये कर्ज आणि घरातली शिल्लक मिळून वापरलेली बघायला निघालो.

विकणारा एका औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये बसायचा. बोलायला गोड. “ताई, टेन्शनच घेऊ नका. २० टनाचं मशीन हाय, घरच्या लायटीवर पळतंय. वायरमन आमचाच, जोडूनच देतो.” मी पिशवीतून आमच्या तळाच्या चामड्याचा तुकडा नेला होता. तो म्हणाला, “तुमचा डाय आणलाय का? न्हाई ना? मग ह्याच्यावर बघा.” त्यानं कीचेनचा एक छोटा डाय रेक्झिनवर ठेवला, बटण दाबलं, टक्‌कन तुकडा सुटला. आम्ही खूश.

इथेच आमची पहिली चूक झाली. दाब किती लागणार हे डायच्या पात्याची एकूण लांबी आणि चामड्याची जाडी यावर ठरतं. कीचेनच्या डायचं पातं जेमतेम १२ सेंटिमीटर. मोठ्या मापाच्या तळाचं पातं धरलं तर ६५ सेंटिमीटरच्या आसपास जातं आणि खाली रेक्झिन नसतं, म्हशीचं चामडं असतं. शेडमध्ये जे दाखवलं त्यावरून आमचा तळ कापला जाईल की नाही याचा काहीच अंदाज येत नव्हता.

सौदा १,१५,००० ला ठरला. २०,००० रुपये टोकन मोबाइलवरून दिलं. बाकीचे रोख द्या म्हणाला, बिल केलं तर वर १८ टक्के जीएसटी लागेल, कशाला उगाच. आम्हालाही पैसे वाचल्यासारखे वाटले. ९५,००० रुपये मोजून दिले आणि हातात एक चिटोरंही घेतलं नाही.

टेम्पोतून मशीन आली, पहारी आणि पाइपांवरून सरकवत खोलीत घेतली. त्याचा वायरमन आला, मोटरीजवळ एक कॅपॅसिटर बसवला, वायर ओढली, ८,५०० रुपये घेतले. मोटर सुरू झाली, आर्म वरखाली झाला, तो गेला. संध्याकाळी मी तळाचा डाय लावला. आर्म खाली आला, डायला टेकला आणि मोटर घुमायला लागली. नुसता हुंकार. चामड्यावर पात्याची रेघ उमटली, त्यापलीकडे काही नाही. दोन-तीनदा केलं. मामंजींनी तो तुकडा उचलून कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, “ही कापलेली कड न्हाई पोरी, चेचलेली हाय.”

मग पट्ट्याचा लहान डाय लावून बघत होते, तेवढ्यात मामंजींनी एकदम मेन स्विच खाली ओढला. “तुझा डावा हात कुठं हुता?” मी बघितलं. उजव्या हातानं बटण दाबलं होतं आणि डाव्या हातानं चामडं सरळ धरलं होतं, डायपासून चार बोटांवर. असल्या प्रेसला दोन बटणं देतात ती यासाठीच. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय आर्म खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बटणांवरच राहतात. आमच्या मशीनवरही दोन बटणं होती, चांगली चकचकीत. दुसऱ्या बटणामागचं झाकण काढलं तर आत दोन वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. ते बटण नुसतं शोभेला होतं. पैसे बुडाले त्याचा राग आला खरा, पण ती टेप डोळ्यांपुढे आली की अजून पोटात गोळा येतो. शाळेतून आल्यावर माझी मुलगी त्याच टेबलाशी उभी राहते.

तिसऱ्या दिवशी जळका वास आला आणि मोटर गेली. उद्यमनगरातल्या एका रिवाइंडिंगवाल्यांना बोलावलं. त्यांनी आधी मशीनच्या अंगाला टेस्टर लावला, तो पेटला. अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, नुसती कापून सोडलेली. मला अधूनमधून झिणझिण्या येत होत्या, त्या मी दमणुकीवर ढकलल्या होत्या. मग त्यांनी मोटर उघडून काळं पडलेलं वाइंडिंग दाखवलं आणि न रागावता समजावलं. मोटर ४१५ व्होल्टची, थ्री फेज. बाहेर तीनच वायरी, म्हणजे ४१५ व्होल्टलाच चालणारी स्टार जोडणी आत कायमची बांधलेली. तिला घरचे २३० व्होल्ट दिले की गरजेच्या ५५ टक्के व्होल्टेज मिळतं. मोटरीचा जोर मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात पडतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. मोकळी असताना ती फिरते, म्हणून वायरमन उभा असेपर्यंत सगळं ठीक दिसतं. काम पडलं की अडते, तापते, जळते. सिंगल फेजवर नीट चालवायची तर सहा वायरी बाहेर काढलेली, २३० व्होल्टला डेल्टात, म्हणजे कमी व्होल्टेजच्या जोडणीत, जोडलेली मोटर आणि व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजचं थ्री फेज करून देणारं यंत्र, लागतं. नाहीतर सरळ थ्री फेज कनेक्शन. मोटरीची नेमप्लेट जागेवर असती तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. तिच्या जागी रिबिटांची भोकं होती, रंगानं बुजवलेली.

‘२० टन’ हे मशीनवर रंगानं लिहिलं होतं. मोटर नवी भरून, उद्यमनगरातल्याच एका वर्कशॉपमध्ये थ्री फेजवर लावून बघितली तेव्हा प्रेशर गेजचा काटा चौरस सेंटिमीटरला १२० किलोच्या पुढे जाईना. सिलिंडरचा आतला व्यास १०० मिलिमीटर, क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. गुणाकार मीच वहीत केला, ९,४२० किलो. साडेनऊ टनही भरत नाही. २० टनाला याच सिलिंडरमध्ये अडीचशेच्या वर दाब लागला असता आणि जुन्या सीलमधून तर आधीच तेल पाझरत होतं.

विकणाऱ्याला फोन केला. “वापरलेल्या मालाला गॅरंटी नसती वैनी.” नंतर फोन उचलणंच बंद. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण हा दिवाणी व्यवहार आहे म्हणाले. ओळखीच्या वकीलबाईंनी जिल्हा ग्राहक आयोगाची वाट दाखवली. धंद्याची मशीन घेतली म्हणजे आपण ग्राहक नाही, असं मला वाटत होतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘धंद्यासाठी घेतलेली’ धरत नाहीत, म्हणजे आपण ग्राहकच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. पुरावा म्हणून माझ्याकडे टोकनची नोंद आहे आणि विकणाऱ्याचे मेसेज, त्यात ‘२० टन’ आणि ‘घरच्या लाइटवर’ हे शब्द त्याच्या हातचे आहेत. रोख दिलेल्या ९५,००० चा मात्र कागद नाही. तक्रार दाखल झाली आहे, नोटीस गेली आहे.

घरगुती मीटरवर धंद्याची मशीन चालवली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते, हेही याच भानगडीत कळलं. आता महावितरणकडून कामासाठी वेगळं थ्री फेज कनेक्शन घेतलं आहे. अर्थिंग केलं, वीज गळली की लगेच तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, दुसरं बटण पुन्हा जोडलं. सील बदलल्यावर चपलेचे पट्टे आणि कान कापले जातात. तळ अजून मामंजीच कापतात, रापीनं.

त्या निळ्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दुसऱ्या कुठेही कोणी वापरलेली प्रेस बघायला जाणार असाल तर मला कळवा. रविवारी मी मोकळी असते. तळाचा डाय आणि म्हशीचं चामडं मी घेऊन येईन, दोन्ही बटणांची झाकणं उघडून बघू आणि मगच पैशाचं बोलू.