फौजी ऑर्डर, तीन नग आणि गेलेले ४३,५०० रुपये

सरळच सांगतो. 'मी आर्मीतून बोलतोय' म्हणणाऱ्या एका माणसाने माझे ४३,५०० रुपये नेले. वर्दीतला डीपी, क्यूआर कोड, 'आर्मी का पेमेंट सिस्टीम अलग होता है', हा सगळा प्रकार तुम्ही ऐकलेला आहे. मीही ऐकला होता. फ्लॅट भाड्याने घेणारे फौजी, जुना सोफा विकत घेणारे फौजी, यांच्या बातम्या मीच घरात मोठ्याने वाचून दाखवल्यात. तेव्हा 'काका, एवढं साधं कसं कळलं नाही' हे कृपया विचारू नका. घरात रोज विचारलं जातंय, तेवढं पुरे आहे.

माझं आयुष्य फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, ओतकामाचे लाकडी नमुने बनवण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर भांडुपला एका ओळखीच्या गाळ्यात कोपरा घेतला, स्क्रोल सॉ (बारीक ब्लेडची यांत्रिक करवत) बसवला आणि लाकडाचे तुकडे जुळवून चित्र करायचं इंटार्सिया सुरू केलं. म्हणजे रंग अजिबात लावायचा नाही, रंग लाकडाचाच. पिवळ्यासाठी हळदू, फिकटासाठी शिवण, काळपटासाठी शिसव, मधल्या छटांना सागवान. नक्षा कागदावर काढून लाकडावर चिकटवायचा, एकेक तुकडा कापायचा, उजेडासमोर धरून फट बघायची, कुठला तुकडा दोन-तीन मिलिमीटर वर, कुठला खाली ठेवायचा ते ठरवायचं, कडा गोल करायच्या आणि मग सगळं प्लायवर बसवायचं. पॉलिश पेपर १२० नंबरपासून ४०० नंबरपर्यंत. शिसवीची धूळ नाकात गेली की दिवसभर शिंका.

माझं आवडतं काम म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं चिन्ह. फुलीतल्या तलवारी, ढाल, बिगुल, वर अशोकाचे सिंह. सिंहाच्या आयाळीचे तुकडे नखाएवढे असतात. कापताना ब्लेडच्या भोकातून खाली पडले की गुडघ्यावर बसून भुशात शोधायचे. एका निवृत्त सुभेदारांना एक करून दिलं होतं. ते स्वतः गाळ्यावर आले, हात फिरवून बघितलं, बिगुलाची दोरी जरा जाड झालीय म्हणाले (झालीच होती), रोख पैसे मोजून दिले आणि चहा पिऊन गेले. खरा फौजी गिऱ्हाईक असा असतो. त्या चिन्हाचे फोटो टाकले होते, खाली किंमत १४,५०० आणि माझा नंबर.

त्या नंबरवर शनिवारी सकाळी फोन आला. 'सर, कोलाबा मिलिटरी स्टेशन से बोल रहा हूँ. सीओ साहब की रिटायरमेंट है. ऐसे तीन पीस चाहिए.' तीन नगांचे ४३,५००. एका पैशाची घासाघीस नाही. या मुंबईत कोथिंबिरीच्या जुडीवर वाद घालतात आणि हा माणूस १४,५०० ला 'ठीक है सर' म्हणतो! पण हे आज सुचतंय. त्या क्षणी मनात एवढंच आलं की चला, कामाची किंमत कळणारा कोणीतरी भेटला.

आता ज्या क्षणी मला कळायला हवं होतं तो क्षण. मी विचारलं, सिंह तसेच ठेवू की नुसती ढाल-तलवार आणि बिगुल? तो म्हणाला, 'सर, वो जो दो मशीनगन क्रॉस में है ना, वो अच्छे से बनाना.'

मशीनगन! फुलीतल्या व्हिकर्स मशीनगन आणि खंजीर महार रेजिमेंटच्या चिन्हात असतात. मराठ्यांच्या चिन्हात तलवारी. जो माणूस ते चिन्ह टोपीवर लावून नोकरी करतो तो मेला तरी हे चुकणार नाही. मला हे माहीत होतं. अख्ख्या भांडुपात माझ्याइतकं ते कोणाला माहीत नसेल, कारण ती तलवार मी शिवणीत कापलीय. आणि मी काय केलं? मीच त्याला समजावलं, 'साहेब, ते महारचं, तुमचं मराठा.' तो हसला, 'हाँ हाँ सर, मैं तो मेडिकल में हूँ, अटॅच हूँ यहाँ.' मला पटलं. पटण्यासारखंच होतं, दवाखान्यातला माणूस कुठल्याही पलटणीबरोबर असू शकतो. वर मलाच बरं वाटलं की आपण फौजीला चिन्ह शिकवलं. फसवणाऱ्याला माझा पैसा दिसत होता आणि मला माझी हुशारी.

पेमेंट सोमवारी म्हणाला, 'अकाउंट सेक्शन' उघडल्यावर. दरम्यान ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, आधार, सगळ्याचे फोटो पाठवले. ही कार्डं कुठल्यातरी खऱ्या जवानाची चोरलेली असणार, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. फौजी कोणालाही स्वतःची कार्डं अशी वाटत सुटत नाही, एवढं लक्षात ठेवा. मी मात्र शनिवारी दुपारीच रे रोडला जाऊन ६,८५० रुपयांचं लाकूड आणलं. रविवारी पहिल्या ढालीचे तुकडे कापूनही झाले.

सोमवारी व्हिडिओ कॉल. चट्ट्यापट्ट्यांचे कपडे, मागे हिरवी भिंत. 'पहले एक रुपया भेजिए, व्हेरिफिकेशन.' एक पाठवला, दोन परत आले. मग अर्ध्या ॲडव्हान्सचा कोड आला, २१,७५० चा. स्कॅन केला, खाली इंग्रजीत लिहिलेलं, आर्मी पेमेंट रिसीव्ह्ड. पिन टाकला. पैसे गेले. मी ओरडलो तर तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला, 'सर, आपने जल्दी कर दिया, एंट्री उल्टी हो गयी, मेरी नौकरी जाएगी. सेम अमाउंट दुबारा डालिए, दोनों एक साथ रिव्हर्स होंगे.' गेलेले पैसे सोडवायला माणूस काय करेल ते ज्याचे गेलेत त्यालाच विचारा. पुन्हा २१,७५०. तिसऱ्या वेळी बायकोने हातातून फोन काढून घेतला आणि विचारलं, 'अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?'

लागत नाही. कधीच लागत नाही. कोड स्कॅन करून पिन टाकायचा तो पैसे द्यायला.

म्हणजे हिशोब असा: गेले ४३,५००, लाकडाचे ६,८५०, आणि व्हेरिफिकेशनमध्ये मला नफा १ रुपया.

आता पुढचं ऐका, कारण चोराचा राग येऊन गेला, यांचा अजून उतरत नाही. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला, लागला, तक्रार घेतली, नंबर दिला. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं, तिला नावं ठेवत नाही. (तुम्हीही पहिला फोन तिथेच करा, नातेवाइकांना नंतर. बँकेच्या मेसेजमधला बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा.) बँकेत गेलो. काउंटरवरची बाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, 'पिन तुम्हीच टाकलात ना? मग बँक काय करणार?' फॉर्म द्या म्हटलं तर फॉर्म संपलेले. ऑनलाइन भरा. ऑनलाइन ओटीपी येईना. मॅनेजर मीटिंगमध्ये.

पोलीस ठाण्यात तर विचारूच नका. सायबरचे साहेब बंदोबस्ताला. दुसरे म्हणाले, फोन कोलाब्याहून आला ना, मग कोलाब्याला जा. अहो, तो कोलाब्याला असता तर मीच जाऊन धरला असता! तरीही गेलो, भांडुपहून सीएसएमटी आणि पुढे टॅक्सी. छावणीच्या गेटवरचा जवान हात जोडून म्हणाला, 'बाबूजी, आर्मी ऐसे पैसा नहीं देती.' तेवढंच एक माणसासारखं बोलणं.

परत पोलीस ठाण्यात आलो. हवालदाराने फोनमधला चिन्हाचा फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, 'हे अशोकाचे सिंह तुम्ही परवानगीने बनवता का?' राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्धचा २००५ चा कायदा त्याला पाठ. लुटला गेलोय मी आणि जबाब द्यायचा सिंहांचा! पण गुन्हा कुठेही घडलेला असो, नोंद कुठल्याही ठाण्यात करता येते, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, ते त्याला ऐकूनही माहीत नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाला, 'काका, एवढं कळतं तर फसलात कसे?' शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्का मारला. तो नुसता अर्ज आहे, एफआयआर, म्हणजे गुन्ह्याची नोंद, नाही. फरक माहीत करून घ्या, आम्हाला उशिरा कळला.

पुढे मेसेज आला की परराज्यातल्या कुठल्याशा खात्यात ३,११२ रुपये गोठवलेत. आनंद झाला. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं मला तेव्हा सांगितलं. वकिलाने ५,००० मागितले. गणित तुम्हीच करा.

सिंहांचं मात्र मी मनावर घेतलंय, यापुढे ते करणार नाही. आपल्याला नको ती भानगड. पैसे घ्यायला वेगळं खातं उघडलंय, त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवत नाही. चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढा, ही माणसं आपल्या डोळ्यादेखत मेसेज पुसतात, माझी निम्मी चॅट तशीच गेली. आणि हाताने वस्तू करणाऱ्यांनो, फोनवरच्या फौजीला मुद्दाम चुकीचं काहीतरी विचारा. 'मराठ्याच्या चिन्हात तोफ कुठल्या बाजूला घेऊ?' म्हणा. खरा असेल तर शिव्या घालेल.

लालबागला माझा एक फ्रेमवाला मित्र आहे. परवा त्याला फोन आला. नंबर वेगळा, डीपी तोच, ऑर्डर तीच: तीन नग, साहेबांची रिटायरमेंट, घासाघीस नाही. त्याने आधी मला विचारलं म्हणून वाचला. तो नवा नंबर घेऊन मी पुन्हा पोलीस ठाण्यात गेलो. म्हणाले, ज्याला फोन आला त्याने स्वतः यायला हवं. मित्र म्हणतो, माझे पैसे गेलेच नाहीत, मी दुकान बंद ठेवून कशाला येऊ.