स्वस्तातलं व्हिएतनामी फो: काही महिने नेमाने खाल्ल्यानंतर

फो म्हणजे नूडल्स आणि मांस घातलेलं व्हिएतनामी सूप. ते जिथे खातो ते हॉटेल अगदी साधं आहे. स्टीलची टेबलं, डब्यात उभ्या केलेल्या चॉपस्टिक्स आणि नंबर टाकलेला मेन्यू. ऑर्डर दिली की आपण पाणी पिईपर्यंत वाडगा समोर येतो. भूक बेताची असेल तर लहान साइजच घ्या, त्यातही पोट भरतं. काही महिने खाऊन मत पक्कं झालंय: इथे काय मागवता यापेक्षा कधी जाता, याला जास्त महत्त्व आहे.

कारण फोचा सगळा जीव सूपात. हाडं तासन्‌तास मंद आचेवर, आलं-कांदा आगीवर काळपट होईस्तोवर भाजलेला, वर चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची. दुपारी गेलं तर सूप नितळ असतं, नूडल्स बाजूला सारल्या की तळ दिसतो. रात्री उशिरा तेच सूप दिवसभर आटून खारट झालेलं असतं. कधी उलट, पाणी घालून वाढवलेलं. स्वस्त जागी हे चालायचंच, पण पैसे तेवढेच घेतात.

बीफमध्ये 'ताय' म्हणजे कच्चे, पातळ काप. वाडग्यावर घालून आणले की टेबलावर येईपर्यंत राखाडी आणि चिवट होतात. वेगळ्या बशीत मागा, कुरकुर न करता देतात. उकळत्या सूपात एकेक काप बुडवला की कडेपासून गुलाबी रंग उतरत जातो; मध्ये थोडा उरला असतानाच उचलायचा. एवढा खटाटोप नको असेल तर शिजवलेलं ब्रिस्केट, म्हणजे छातीकडचं मांस घ्या.

सोबत पाल्याची थाळी येते, म्हणजे पद्धत दक्षिण व्हिएतनामची. उत्तरेत, हनोईकडे फोवर कांद्याची पात, कोथिंबीर, फार तर लिंबू-मिरची. व्हिएतनामच्या 1954 च्या फाळणीनंतर उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले, त्यांच्याबरोबर फो तिकडे रुजलं आणि बेसिल, मुगाचे मोड, होइसिन हा घट्ट, गोडसर सॉस त्याला चिकटले. इथे सुरुवातीला थाळी भरगच्च यायची. आता मोडांचा ढीग आणि बेसिलच्या दोन मलूल काड्या. मागितलं तर आणखी आणून देतात, पण मागावं का लागावं? सॉस मात्र वाडग्यात ओतू नका. छोट्या वाटीत होइसिन आणि तिखट सॉस घ्या, मांस त्यात बुडवा. नाहीतर त्या सूपावरची सगळी मेहनत वाया.

शाकाहारी मंडळींनी 'व्हेज फो' नुसतं नाव वाचून मागवू नये. इथे भाज्या वेगळ्या, सूप तेच हाडांचं. दुसरीकडेही सूप कशाचं आणि फिश सॉस आहे का, हे दोन्ही विचारा.

पार्सल बरं असतं, नूडल्स आणि सूप वेगळं बांधतात. सूप घरी खळखळून उकळा आणि पार्सलमध्ये शिजवलेलंच मांस घ्या. कोमट सूपात कच्चे काप शिजत नाहीत. कंडेन्स्ड मिल्कवर फिनमधून (छोट्या धातूच्या फिल्टरमधून) थेंबथेंब गळणारी कॉफी जेवण सुरू होतानाच सांगून ठेवा, नाहीतर रिकाम्या वाडग्यासमोर बसून राहाल.

आणि खरं सांगायचं तर इथला सगळ्यात चांगला पदार्थ फो नाहीच. शनिवार-रविवारी बुन बो हुए हे दुसरं नूडल सूप असतं: गोल, जाड नूडल्स, गवती चहाचा वास, कोळंबीच्या आंबवलेल्या पेस्टचा उग्रपणा आणि वर लाल तवंग. पहिल्यांदा वासाने नाक मुरडलं जाईल, तरी मागवाच. पण लवकर जा, दुपारी दोननंतर बहुतेक वेळा 'संपलं' असंच उत्तर मिळतं.