महापुरात उधारीची वही गेली, आता हिशेब फोनवर: दहा महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या गावभागात आमचं मिरची-हळद कांडपाचं दुकान आहे. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आत छातीभर पाणी होतं. यंत्र दुरुस्त झालं, पण उधारीची वही लगदा होऊन हातात आली. कोण किती देणं लागतं ते आठवून आठवून लिहिलं, निम्मंच आठवलं. गेल्या मार्चमध्ये, हंगामाच्या तोंडावर, क्यूआर कोड लावला.

पहिला आराम हातांना. कांडप चालू असताना दोन्ही हात तिखटाने माखलेले असतात. सुट्टे द्यायचे तर आधी हात धुवा, तोवर रांग वाढते. आता गिऱ्हाईक स्वतः स्कॅन करतं, स्पीकर रक्कम सांगतो आणि माझं काम सुरूच राहतं. खात्यातून खात्यात येणाऱ्या यूपीआयच्या पैशांवर दुकानदाराला शुल्क पडत नाही. स्पीकरचं भाडं मात्र दरमहा कापलं जातं, लावून घेताना विचारा.

खरा फायदा पुढेच कळला. नवीन पल्व्हरायझर, म्हणजे बारीक पूड करायचं यंत्र, घ्यायचा होता, किंमत 2 लाख 40 हजार. पूर्वी बँकेत गेले की "उलाढालीचा पुरावा काय?" या प्रश्नावर मी गप्प व्हायचे. या वेळी सहा महिन्यांचं खातेपत्रक पुढे ठेवलं. वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपयांच्या नोंदींनी पानंच्या पानं भरलेली. साहेबांनी बसायला सांगितलं आणि शांतपणे सगळं वाचलं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून अर्ज मंजूर झाला. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. आपला वाटा किमान 10 टक्के, म्हणजे माझे 24 हजार. अनुदान लगेच हातात पडत नाही, कर्जखात्याशी जोडलेलं राहतं, म्हणून हप्ता चुकवून चालत नाही.

अन्नसुरक्षा नोंदणीही ऑनलाइन केली, छोट्या उत्पादकाला वर्षाला 100 रुपये. पाकिटावर तो नंबर आल्यावरच विश्रामबागेतल्या एका किराणा दुकानाने आमची हळद ठेवली.

राग एकाच गोष्टीचा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, 1 जुलै 2020 पासून सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, कागद जोडावे लागत नाहीत. तरी एका केंद्रावर माझ्याकडून 800 रुपये घेतले. माझ्यासारख्या किती जणींचे घेतले असतील!

अडचणीही आल्या. दिवाळीच्या गर्दीत एका ताईंचे पैसे कापले गेले, माझ्याकडे आलेच नाहीत. दोन दिवसांनी त्यांच्या खात्यात परत गेले, तेव्हा त्यांनी येऊन रोख दिले. तेव्हापासून स्पीकर बोलला नाही तर मी खात्यातली नोंद उघडून बघते, गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण धरत नाही. म्हाताऱ्या माणसांकडून रोखच घेते, त्यांना कधीच अडवत नाही. उधारी अजून वहीतच आहे, पण रोज रात्री त्या पानाचा फोटो मुलीला पाठवते.

समोरच्या शेवयावाल्या वहिनींचा उद्यमचा अर्ज या रविवारी माझ्याच फोनवर भरतोय. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या, एवढंच त्यांना सांगितलंय.