गाडी किती खाली घ्यावी? लोअरिंग स्प्रिंग, कॉइलओव्हर आणि चाकाला उरणारी जागा

सोलापुरात गाडी खाली घेण्याचा विचार करणारे तरुण गॅरेजमध्ये येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : किती खाली बसेल? टायर आणि मडगार्ड यांच्यामधली चार बोटांची फट दोन बोटांवर आली की गाडी देखणी दिसते हे खरे आहे, आणि त्या हौसेला नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. मी स्वतः माझी हॅचबॅक आधी लोअरिंग स्प्रिंगवर (मूळपेक्षा आखूड स्प्रिंग) आणि नंतर कॉइलओव्हरवर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) चालवली आहे. त्या अनुभवावरून एवढे सांगतो की, उंची ठरवण्याआधी गाडी खाली आल्यावर चाकाला वर जायला किती जागा उरेल हे मोजून घ्यावे. पुढची सगळी तुलना त्या एका मोजमापावर केली आहे.

चाकाच्या वर-खाली होणाऱ्या या हालचालीला मेकॅनिक मंडळी ट्रॅव्हल म्हणतात. सपाट रस्त्यावर गाडी उभी असताना शॉकअपचा दांडा मधोमध कुठेतरी असतो. उंचवटा आला की तो आत जातो, खड्डा आला की बाहेर येतो. समजुतीसाठी पुढच्या एका चाकावर 300 किलो भार, कंपनीच्या स्प्रिंगचा ताठपणा 2.5 किलो प्रति मिमी (म्हणजे ती 1 मिमी दाबायला 2.5 किलो भार लागतो), वर जायला 80 मिमी आणि खाली जायलाही 80 मिमी असे धरू. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत बदलत नाही.

एखाद्या उंचवट्याचा धक्का स्प्रिंग जेव्हा पोटात घेते, तेव्हा तिची क्षमता ताठपणाच्या पटीत वाढते, पण उपलब्ध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून अंतर निम्मे केले, तर तोच धक्का पचवायला स्प्रिंग दुप्पट ताठ करून भागत नाही, ती चौपट ताठ करावी लागते. गाडी खाली घेण्याच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

लोअरिंग स्प्रिंग आणि मूळ शॉकअप

हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त वापरला जातो. स्प्रिंग आखूड आणि थोडी ताठ येते, शॉकअप कंपनीचाच राहतो. गाडी 35 मिमी खाली आली, तर चाकाला वर जायला 80 ऐवजी 45 मिमी उरतात, आणि खाली जायची जागा तेवढीच वाढते, जिचा फारसा उपयोग होत नाही. मूळ स्प्रिंग 80 मिमीमध्ये जो धक्का पचवत होती तो 45 मिमीमध्ये पचवायला जवळजवळ 8 किलो प्रति मिमीची स्प्रिंग लागेल. बदलून बसवलेली स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा साधारण पाव पटीने ताठ, म्हणजे 3.2 च्या आसपास असेल, तर तिची क्षमता मूळच्या सुमारे 40 टक्केच भरते. उरलेला धक्का बंप स्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर वर बसवलेला फोमचा तुकडा, घेतो.

मागच्या चाकांची स्थिती याहून नाजूक असते, कारण प्रवासी आणि सामान यांचा बहुतेक भार तिथे पडतो. मागे दोन माणसे आणि डिकीत सामान मिळून 170 किलो धरले, तर प्रत्येक चाकावर 85 किलो वाढतात आणि 3 किलोच्या स्प्रिंगवर गाडी आणखी 28 मिमी बसते. मागेही आधी 80 मिमी होते असे धरले, तर 45 मधून 28 वजा जाता 17 मिमी उरतात. घरची मंडळी घेऊन अक्कलकोटला निघालेल्या गाडीला वाटेतल्या प्रत्येक उंचवट्यासाठी एवढीच शिल्लक राहते.

हा आकडा मी कागदावर मांडला नव्हता तेव्हा मला तो एका केबल टायने दाखवला. मागच्या शॉकअपचे धूळ अडवणारे रबर वर सरकवून, दांड्यावर नायलॉनची बारीक केबल टाय आवळून सीलपाशी टेकवून ठेवली आणि चौघेजण तुळजापूरला जाऊन आलो. शॉकअप जितका आत जातो तितकी ही पट्टी दांड्यावर वर ढकलली जाते आणि तिथेच थांबते. संध्याकाळी रबर पुन्हा वर केले, तेव्हा पट्टी थेट बंप स्टॉपला जाऊन भिडलेली होती आणि बंप स्टॉपच्या खालच्या कडेवर तिचा वळ उमटलेला होता. घाटातल्या वळणांवर गाडी मधूनच का उसळत होती, याचे उत्तर त्या वळात होते. वळणावर बाहेरचे चाक बंप स्टॉपवर टेकले की त्या कोपऱ्याचा ताठपणा एकदम वाढतो आणि टायरची पकड नेमक्या नको त्या क्षणी कमी होते.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून बंप स्टॉप अर्धा कापून देतात. तसे अजिबात करून घेऊ नका. फोमचा हा तुकडा धक्क्याचा शेवटचा भाग हळूहळू झेलण्यासाठी असतो. तो काढला की शॉकअप आतून आपटतो, मग सील जाते, आणि पुढे माउंटिंगवर मार बसू लागतो. मूळ स्प्रिंगच कापण्याच्या प्रकाराची मी तुलनाही करणार नाही, कारण चाक लटकले की कापलेली स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते.

कॉइलओव्हर : एकाच नावाचे दोन प्रकार

कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी बनवलेले असतात, शॉकअपची नळी मुळातच आखूड असते आणि तिच्या अंगावर आटे असतात. मात्र उंची कशी बदलते यावरून त्याचे दोन प्रकार पडतात, आणि विकत घेताना हा प्रश्न फार थोडे जण विचारतात.

पहिल्या प्रकारात फक्त स्प्रिंगची खालची बैठक, म्हणजे कॉलर, आट्यांवर वर-खाली होते. दुसऱ्यात शॉकअपची संपूर्ण नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर फिरवता येते. समजा, दोन्ही संचांत एकूण हालचाल 115 मिमी आहे, स्प्रिंग 5 किलो प्रति मिमीची आहे आणि बैठक स्प्रिंगला नुसती टेकेल इतकीच फिरवलेली आहे. 300 किलोखाली स्प्रिंग 60 मिमी दबेल, म्हणून खाली जायला 60 आणि वर जायला 55 मिमी मिळतील. या स्थितीत गाडी मूळ उंचीपेक्षा 25 मिमी खाली आहे असे धरले, तर इथपर्यंत दोन्ही प्रकार अगदी सारखे आहेत. 5 किलोची स्प्रिंग आणि 55 मिमी यांची मिळून क्षमता मूळ गाडीच्या जवळपास पोहोचते. त्याची किंमत मात्र बसणाऱ्याच्या पाठीला मोजावी लागते, कारण मूळ स्प्रिंगवर सेकंदाला सुमारे दीड हेलकावा घेणारी गाडी आता दोन घेते आणि रस्त्यावरचा लहानसहान खडबडीतपणा आसनापर्यंत पोहोचतो.

फरक पडतो तो त्याहून खाली जाताना. पहिल्या प्रकारात कॉलर आणखी 20 मिमी खाली फिरवली की वर जायची जागा 55 वरून 35 मिमीवर येते, आणि चाक पूर्ण लटकले की स्प्रिंग 20 मिमी सैल पडून टणटण वाजू लागते. 5 किलो आणि 35 मिमी यांचा हिशोब केला, तर क्षमता पुन्हा मूळच्या 40 टक्क्यांच्या खाली उतरते. म्हणजे लोअरिंग स्प्रिंगच्या कितीतरी पट पैसे मोजून आपण त्याच जागी परत येतो, आणि गाडी आधीपेक्षा जास्त कडक झालेली असते.

दुसऱ्या प्रकारात ब्रॅकेटमधून नळी 20 मिमी आत घेतली, तरी शॉकअपचे 60 आणि 55 मिमी जसेच्या तसे राहतात. विक्रेते या संचाची शिफारस याच गुणावर करतात, आणि ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. शॉकअपची हालचाल वाचली तरी चाक मडगार्डमध्ये आधीच 45 मिमी वर गेलेले असते. त्यात 55 मिळवले, तर चाक मूळ जागेपासून 100 मिमी वर जाऊ पाहील, तर कंपनीने ते 80 मिमीच वर जाईल अशा बेताने जागा ठेवली होती. थोडी जादा जागा असते, पण रुंद टायर घातले असतील तर तीही आधीच संपलेली असते. टायर आतल्या प्लास्टिकला घासू लागला की बंप स्टॉपखाली पॅकिंग भरून हालचाल अडवावी लागते, आणि वाचवलेले 20 मिमी तिथे परत जातात. म्हणून माझ्या मते या महाग प्रकाराचा खरा लाभ 20 ते 30 मिमी खाली घेणाऱ्यालाच होतो. जमिनीला टेकवण्याच्या हट्टासाठी त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. त्यामुळे मागची उंची स्प्रिंगच्या बैठकीनेच बदलते, आणि शॉकअपची लांबी वेगळी जुळवून घ्यावी लागते. पुढचे काम मन लावून करून मागे फक्त बैठक फिरवून गाडी हातात दिलेली मी पाहिली आहे. त्यामुळे मागच्या शॉकअपची लांबी बदलता येते का, हे संच घेण्याआधीच विचारावे.

प्रीलोडबद्दलचा, म्हणजे कॉलरने स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याबद्दलचा, एक गैरसमजही इथेच दूर करतो. कॉलर आवळली की स्प्रिंग ताठ होते असे सर्रास सांगितले जाते. सरळ दराच्या, म्हणजे कितीही दाबली तरी ताठपणा सारखाच राहणाऱ्या, स्प्रिंगचा ताठपणा आवळल्याने बदलत नाही. पहिल्या प्रकारात गाडीची उंची वाढते एवढेच, आणि प्रमाणाबाहेर आवळली तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही.

सोलापूरचा रस्ता

पुणे किंवा हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर यांपैकी कोणताही संच समाधान देईल. जिल्ह्यातल्या इतर रस्त्यांवर मात्र काळ्या मातीची कसोटी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला लांब लांब लाटा येतात. खड्डा दिसतो म्हणून आपण वेग कमी करतो. ही लाट दिसत नाही, आणि ऐंशीच्या वेगाने तिच्यावरून जाताना सस्पेन्शनची सगळी हालचाल एका दमात वापरली जाते. तिथे 17 मिमीवर चालणारी गाडी आपटते, 55 मिमी असलेली निभावून जाते.

गतिरोधकांचा हिशोब वेगळा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा असावा. 2.45 मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) गाडी त्याच्या मधोमध आली, तर दोन्ही चाकांच्या पातळीपेक्षा गतिरोधकाचा माथा फक्त 44 मिमी वर असतो, म्हणून 120 मिमी क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची) असलेली गाडीही सावकाश नेल्यास सहज पार होते. कॉलनीत रहिवाशांनी स्वतः घातलेल्या अरुंद, 15 सेंटिमीटर उंच गतिरोधकावर हे गणित चालत नाही. तो दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीने उभा राहतो. 165 मिमीची मूळ गाडी जेमतेम सुटते आणि 130 मिमीच्या गाडीचा चेंबर (इंजिनखालचे ऑइलचे भांडे) घासतो. कॉइलओव्हर कितीही चांगला असला तरी यावर त्याच्याकडे उत्तर नाही. तुमच्या गल्लीतला गतिरोधक टेपने मोजा आणि मगच पुढे जा.

धुळीचाही विचार करावा लागतो. आट्यांमध्ये धूळ आणि पावसाळ्यातला चिखल बसून कॉलर जाम होते, म्हणून वर्षातून दोनदा तरी ब्रशने साफ करून घ्यावी.

कायदा आणि निवड

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारणा करावी, आणि मूळ स्प्रिंग व शॉकअप कोणत्याही परिस्थितीत भंगारात देऊ नयेत.

घरात एकच गाडी असेल आणि ती चारपाच जणांना घेऊन पंढरपूर-अक्कलकोट करत असेल, तर मी मूळ सस्पेन्शनच ठेवायला सांगेन. गाडी बहुतेक वेळ एकदोघांसाठीच निघत असेल आणि खर्च आटोक्यात हवा असेल, तर 25 मिमीपेक्षा जास्त खाली न जाणारी स्प्रिंग आणि तिच्या जोडीला आखूड शॉकअप घ्यावा. मूळ शॉकअपवर लोअरिंग स्प्रिंग मी पुन्हा बसवणार नाही. संपूर्ण नळी फिरणारा कॉइलओव्हर त्याने घ्यावा, ज्याला उंची मोजून लावायची आहे आणि दर काही महिन्यांनी तपासायची तयारी आहे. मी आज तोच वापरतो, 25 मिमीवर. त्याच चौघांसह त्याच तुळजापूरच्या रस्त्यावर केबल टाय बंप स्टॉपच्या 12 मिमी अलीकडे थांबली.

काम कोणाकडूनही करून घेतले तरी एका गोष्टीसाठी तिथे स्वतः उभे राहा. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाके लटकलेली असताना पूर्ण आवळू देऊ नका. तसे केल्यास गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. गाडी चाकांवर उभी करून, दोनदा हलवून बसू द्यावी, मग ते बोल्ट आवळावेत, आणि अलाइनमेंट त्यानंतर करून घ्यावी.