एम ५१ की अँटेना : जोडीच्या दीर्घिका पाहताना

एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणाने ओढल्या जाणाऱ्या दोन दीर्घिका पाहायच्या असतील, तर श्यामशबल तारकासमूहातील एम ५१ आणि हस्तातील अँटेना या जोड्यांपैकी सुरुवात एम ५१ नेच करावी, असे माझे मत आहे. सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाला असलेल्या मरीचीपासून ती जेमतेम साडेतीन अंशांवर सापडते; मुख्य दीर्घिकेची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका लहान, तितके तेज जास्त) सुमारे ८.४ असल्याने काळोख्या आकाशात ४ इंची दुर्बिणीतूनही शेजारीशेजारी दोन धूसर ठिपके आणि प्रत्येकाच्या मध्यावर उजळ गाभा दिसतो. सर्पिल भुजांसाठी मात्र ८ ते १० इंची आरसा आणि तिरक्या नजरेने, म्हणजे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवून, पाहण्याची सवय हवी (आयरिश खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉस यांना १८४५ मध्ये त्या प्रथम दिसल्या, त्या ७२ इंची दुर्बिणीतून!). अँटेनाची प्रत साडेदहाच्या आसपास आहे. तिच्या दोन्ही दीर्घिका एकमेकींत मिसळू लागल्यामुळे १० इंची दुर्बिणीतही स्वल्पविरामासारखा एकच वाकडा डाग दिसतो आणि ज्या लांब शेपट्यांवरून तिला नाव मिळाले, त्या बहुधा छायाचित्रांतच भेटतात. शिवाय बऱ्याच उत्तरेकडून पाहणाऱ्यासाठी हस्त क्षितिजालगतच राहतो.